बाळंतिणीची खोली

गोजाबाईनं खोली बांधायला काढली तेव्हा वस्तीवरच्या लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. उभा जन्म मेंढरांमागं गेलेली बाई, जिथं पाल पडेल तिथं जिचं घर, तिला आता सिमेंटची खोली हवी! तीही स्वतःला राहायला नाही, तर लेकीच्या बाळंतपणाला. पण गोजाबाई बधली नाही. तिनं सांगोल्याहून फरशी आणवली, खिडकीला जाळी बसवून घेतली, शेकायच्या शेगडीसाठी कोपरा सोडायला लावला आणि बाज स्वतःच्या हातानं विणली. गवंड्यानं दार अर्धा फूट अरुंद ठेवलं तर त्याला ते पाडून पुन्हा करायला लावलं. बाळंतिणीची बाज आडवी आत गेली पाहिजे, एवढंच ती म्हणाली.

तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण कोकणच्या वाटेवर झालं होतं. मेंढरं घाट उतरत होती, सोबत सासू नव्हती, आई नव्हती, एक म्हातारी शेजारीण होती आणि डोक्यावर रस्त्याचा पूल होता. पुलावरून गाड्या जात होत्या. तिसऱ्या दिवशी ती पोराला, म्हणजे भारतला, पाठीशी बांधून पुन्हा कळपामागं चालू लागली. आईला ही बातमी महिन्यानं कळली. तेव्हाच गोजाबाईनं मनाशी धरलं होतं, आपल्याला लेक झाली तर तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, चार भिंतींच्या आत करायचं. तीस वर्षं तिनं हे मनात जपलं. जिनं कधी लुगड्याचा रंगसुद्धा मागून घेतला नाही तिनं एकच गोष्ट मागितली, तर तिला नाही म्हणायची कुणाची छाती होती?

म्हणून सृष्टीला सातवा लागताच तिनं नवऱ्याला, गुंडाला, केरळला पाठवलं होतं, लेकीला आणायला. जावई माउली तिकडं त्रिशूरजवळच्या एका गावात गलाईचं काम करायचा. सोनारांचे जुने दागिने वितळवायचे आणि सोनं शुद्ध करून परत द्यायचं. सांगोला-आटपाडीकडची निम्मी पोरं याच कामावर देशभर पांगली आहेत. गुंडा आठ दिवस राहिला आणि आज सकाळी तिघं सोलापूर स्टेशनवर उतरले. उद्या जीपनं वस्तीवर जायचं. आज डोहाळजेवण, गुंडाचा धाकटा भाऊ तात्याबा याच्या घरी, अक्कलकोट रोडला.

तात्याबा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. दोन खोल्या, पुढं बोळ, बोळात ओळीनं उभी निळी पिंपं. डोहाळजेवणाचा दिवस भटजीनं नाही, नळानं ठरवला होता. चार दिवसांनी येणारं पाणी आज पहाटे येऊन गेलं होतं, आणि तात्याबाची बायको निंगव्वा भरलेल्या पिंपांकडं बघून खूश होती. पाण्याशिवाय पंचवीस माणसांचं जेवण कसं करायचं, असं ती येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होती, आणि बायकाही हो ना, कसं करायचं, म्हणत होत्या.

सगळं रीतीनं झालं. हिरवं लुगडं, फुलांच्या बांगड्या, मोगऱ्याची वेणी. दोन वाट्या पालथ्या ठेवल्या, सृष्टीनं एक उचलली तर बर्फी निघाली. “लेक होणार, यव्वा, लक्ष्मी!” निंगव्वा ओरडली. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, आनंद झाला किंवा राग आला की तिच्या तोंडी कानडी यायची. गल्लीतल्या बायका ओटी भरून, जेवून गेल्या. दुपारी घरात फक्त घरची माणसं राहिली: गुंडा आणि गोजाबाई, त्यांची लेक आणि जावई, तात्याबा आणि निंगव्वा, आणि भारतची बायको मायक्का. भारत वस्तीवरच होता, मेंढरांपाशी.

गोजाबाई भांडी आवरत होती, पण तिचं लक्ष नवऱ्याकडं होतं. सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं. गुंडा गाडीतून उतरला आणि मेंढरांबद्दल एका शब्दानं बोलला नाही. हा माणूस सासऱ्याच्या मातीला जाऊन आला तेव्हासुद्धा आधी कळपाची चौकशी करणारा. आज तो बोळात निळ्या पिंपांसमोर जाऊन उभा राहिला होता, आणि किती वेळ नुसता बघतच राहिला होता.

तात्याबाला गप्प बसवेना. वस्तीवरून येणाऱ्यांना सोलापूर दाखवायचा मान इतकी वर्षं त्याचा होता. सात रस्त्याची गर्दी बघून भाऊ कसा बिचकला होता, हे तो अजून चवीनं सांगायचा. आता भाऊ त्याच्यापेक्षा लांब जाऊन आला होता.

“दादा, तोंड उघड की,” तो पान जुळवत म्हणाला. “काय बघून आलास एवढं?”

गुंडानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

“काय सांगू तात्याबा. आदी मला तितं गावच घावंना. गाडीतनं बघतोय, घरं लागली. म्हटलं, गाव आलं. आता संपंल, मग माळ लागंल, मग दुसरं गाव. संपंचना की! घर, झाड, घर, झाड. जावयाला इचारलं, हे गाव हाय तरी केवढं? तर म्हणतो, मामा, आतापातूर सतरा गावं गेली.”

सगळे हसले. माउलीही खाली मान घालून हसला.

“आन दर घराला हीर. वाकून हात घातला की पाणी. तांब्याला दोर लावायची गरज न्हाय. मी पयल्या दिशी त्या हिरीपशी तासभर बसलो. घरमालकीण बिचारी घाबरली, म्हातारा उडी मारतो का काय.”

“यव्वा!” निंगव्वा म्हणाली आणि तिनं एकदा बोळातल्या पिंपांकडं पाहिलं.

“बस थांब्यावर एक म्हातारी बसलेली. माज्यापरीस चार वर्सानं मोठी असंल. नारळाच्या काथ्याचं काम करती म्हणं. पेपर वाचत हुती. तोंड हलवत न्हाय, बोट फिरवत न्हाय, नुसती डोळ्यानं वाचत हुती. मला म्हणाली, बसा. आन पेपरचं आतलं पान काढून माज्या हातात दिलं!” गुंडा थांबला. “मी धरून बसलो. काय करणार? उलटं धरलं का सुलटं, ते त्या चित्रावरनं बघितलं.”

या वेळी कुणी हसलं नाही. गुंडाच्या आवाजात लाज नव्हती, नवल होतं. आपल्या वयाच्या, आपल्यासारखं अंगमेहनतीचं काम करणाऱ्या बाईला वाचता येतं, आणि ती समोरच्यालाही येतच असेल असं धरून चालते, याचं ते नवल होतं.

“आन वहाणांचं सांगा की मामा,” माउली हळूच म्हणाला.

“अय्या, आप्पा, ते नका सांगू!” सृष्टीनं पदर तोंडाला लावला.

“सांगतो की, त्यात काय? हिच्या तपासणीचा दिस. सरकारी दवाखाना, घरापासनं चालत धा मिनटं. मी सकाळी सा वाजताच गेलो, नंबर लावायला. बाहेर कुणी न्हाय. म्हटलं बरं झालं. वहाणा काढल्या आन दारासमोर लावून ठेवल्या. पयला नंबर.”

“बरुबर की,” तात्याबा म्हणाला. त्या खोलीत कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. टँकरला घागरी, रेशनला पिशव्या आणि दवाखान्याला वहाणा. उन्हात माणसानं कशाला उभं राहायचं, त्याची वस्तू उभी राहते.

“झाडाखाली जाऊन बसलो. झाडणारी बाई आली. तिनं माज्या वहाणा बघितल्या, उचलल्या, फडक्यानं पुसल्या आन आत नेऊन फळीवर ठेवल्या! मी पळत गेलो. म्हटलं, बाई, माजा नंबर! तिला काय कळंना, मला काय बोलता येईना. तिनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पंखा लावला. गिलासात लाल पाणी दिलं, गरम. मला वाटलं आवशीद हाय. डोळं मिटून घटाघटा पिऊन टाकलं.”

“तितलं पाणीच तसं, काकू,” सृष्टी निंगव्वाला सांगू लागली. “कसली तरी साल घालून उकळत्यात. समदीच पित्यात.”

“वहाणा पुसल्या?” कोपऱ्यातून मायक्कानं विचारलं. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली होती. “मामा, सरकारी दवाखान्यातल्या बाईनं तुमच्या वहाणा पुसल्या?”

“पुसल्या गं पोरी. फडक्यानं. मी बी तेच मनात घोळवतोय चार दिस.”

तात्याबाला हे फार झालं. त्यानं पान तोंडात टाकलं. “आता लई डोक्यावर नको घेऊस दादा. आपल्याकडं काय माणसं न्हाईत? आमच्या गल्लीत आशाताई येती की. पोरांचं डोस, गोळ्या, समदं बघती.”

“न्हाय कोण म्हणतंय? माणसं आपलीबी चांगलीच हायती. आपल्या वस्तीची आशाताई तर बिचारी चार वस्त्या पायी पायी करती. माणसाला कुटं नाव ठिवतोय मी?” गुंडानं फेट्याची घडी उगाच उलगडली, पुन्हा घातली. “अजून एक सांगायचंय. ते सांगावं का नको, गाडीत इचार करत आलो.”

गोजाबाईचा हात भांड्यावर थांबला.

“तपासणी झाली. हिचं रक्त आठ हुतं, त्यांनी अकरावर आणलंय. मी जावयाला म्हटलं, त्या शिष्टरला एक इचार. म्हणावं, बाळंतपणात हितं किती बाया दगावल्या? माउली लाजला, इचारंना. मी म्हटलं, इचार. तिनं मोठ्या शिष्टरला बोलावलं. ती बावीस वर्सं तितं हाय. ती म्हणाली, एक.”

“एक महिन्याला?” तात्याबानं विचारलं.

“बावीस वर्सांत एक. त्या पंचायतीतली. सुभद्रा नाव. कुटल्या आळीतली, आदीची पोरं किती, त्या दिशी पाऊस किती हुता, समदं सांगितलं तिनं. डोळ्यात पाणी आलं तिच्या. ती बाई गेल्यावर वरनं माणसं आली म्हणं, सा महिने इचारत हुती, चुकलं कुटं. तिच्या दारापातूर गाडी जात न्हवती म्हणून उशीर झाला, असं निघालं. आता जाती गाडी. मी जाऊन बघून आलो तो रस्ता.”

गुंडानं हाताची बोटं पुढं धरली.

“मी तितंच बसून मोजल्या, तात्याबा. बावीस सालातल्या, आपल्या भावकीतल्या, समद्या वस्त्यांवरच्या. चार बोटं झाली. आन तिसरीचं नाव आठवंना. बिराप्पाची सून. माज्यासमोर हळद लागल्याली पोर. तिच्या मातीला मी खांदा दिला. तिचं नाव मला आठवंना. आन त्या शिष्टरला परक्या बाईचं नाव पाठ.”

“लगमा,” गोजाबाई चुलीपाशी पाठमोरी बसून म्हणाली. “लगमा तिचं नाव.”

गुंडानं मान हलवली. मग वर बघून तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “झेंडा त्योच. रेल्वे तीच. मतदानाची शाई बी तीच लावत्यात बोटाला. एकाच गाडीत बसून एका दिसात माणूस जातंय तितं. मग हे असं कसं झालं, ते मला काय उमगंना.”

गोजाबाई उठली. ओले हात लुगड्याला पुसत ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“आन हे समदं मला कशापायी ऐकवताय तुमी?”

गुंडानं जावयाकडं पाहिलं. उत्तर माउलीच्या मोबाईलमध्ये होतं.

निघायच्या आदल्या दिवशी माउलीनं रविवारची परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती, एक स्वतःचं आणि एक सृष्टीचं. ते फक्त तिला ठाऊक होतं. आणि सासऱ्याला, कारण गाडीत पाणी पिताना सृष्टीनं बापाला सगळं सांगून टाकलं होतं. जावयानं सासुरवाडीत बोलायचं नसतं, एवढं माउलीला कळत होतं. शिवाय त्याला केरळचं कौतुक सांगायला उभं राहायचं नव्हतंच. भट्टीपाशी ॲसिडच्या धुरात तो रोज खोकायचा. घरमालकीण भली होती, पण तिची तिन्ही मुलं आखातात, आणि ती बाई संध्याकाळी दार लावून एकटीच टीव्हीसमोर जेवायची. नऊ वर्षं राहूनही तो तिथं परकाच होता. कसायला वावर नाही, मेलं तर जाळायला आपली माणसं नाहीत. स्वर्ग वगैरे काही नव्हता तो. पण पहिल्या महिन्यात सृष्टीला चक्कर आली आणि दुसऱ्या दिवशी दारात छत्री घेऊन सिस्टर उभी राहिली, तेव्हा त्याच्या छातीतली एक भीती सुटली होती. ती भीती आपल्या छातीत होती, हेही त्याला तेव्हाच कळलं होतं.

सृष्टीनं त्याच्याकडं बघितलं. तो बोलणार नाही हे तिला दिसलं. मग तीच बोलली.

“आये, मला परत जायाचंय. बाळंतपण तिकडंच करायचंय.”

गोजाबाईचा चेहरा क्षणात उतरला. ती खाली बसली.

“हौदौदु, हो हो, आणि लोक काय म्हणतील?” निंगव्वा जावेच्या बाजूनं धावून आली. “पहिलटकरीण! आईबाप धडधाकट असताना परमुलखात बाळंत होणार? तिथं सासूबी न्हाय. बाळाला अंघोळ कोण घालंल? हिला शेक कोण देईल? दवाखान्यातली बाई शेगडी पेटवणार हाय का?”

“हितं ठिवा की पोरीला,” तात्याबा म्हणाला. “माज्या घरी. सोलापुरात मोठमोठे दवाखाने हायती, लांबलांबनं माणसं येत्यात. ती काय खुळी हायती?”

“तुमच्या दोन खोल्या, भाऊजी, आन आमी दोघी धरून चार माणसं,” गोजाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “आन मी काय मागितलं हुतं? लई मागितलं का? मी पुलाखाली बाळंत झाले, कुणाला बोल लावला न्हाय. माज्या लेकीला एक दार असावं, आतनं कडी लावाय येणारं, एवढंच मनात हुतं. बाज इणलीय मी. डिंक आणलाय, आळीव आणलंय. बकरी बाजूला काढून ठिवलीय दुधाची.” ती सृष्टीकडं वळली. “मी तुला न्हाय बघणार, तर मग मी आई कशाला?”

सृष्टी रडू लागली. गुंडा जमिनीकडं बघत होता. निंगव्वानं जावेच्या पाठीवर हात ठेवला. घर दोन बाजूंना वाटलं गेलं होतं, आणि आता कुणाचा तरी हट्ट मोडणार आणि तो जन्मभर डोळ्यांसमोर राहणार, असंच दिसत होतं.

मायक्का कोपऱ्यात बसून फुलांच्या बांगड्यांतून गळलेल्या पाकळ्या गोळा करत होती. सकाळपासून ती पडेल ते काम करत होती, पण ओटी भरायला पुढं झाली नव्हती, आणि कुणी तिला पुढं बोलावलंही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिचंही याच घरात डोहाळजेवण झालं होतं. मायक्काच्या मनात होतं ते एवढंच: आत्यांच्या विरुद्ध मी कधी बोलले नाही, आणि आज बोलले तर त्या मला पुन्हा जवळ घेतील का? पण सरकारी बाईनं पुसलेल्या वहाणा तिच्या डोक्यातून जाईनात.

“आत्या,” ती म्हणाली. “वस्तीपासनं तालुका बावीस किलोमीटर. तालुक्यापासनं हितं ऐंशी.”

गोजाबाईनं मान वर केली.

“मी मोजल्यात. जीपमदी पडून दुसरं काय करणार? तालुक्याला म्हणाले, हितं जमणार न्हाय, सोलापूरला न्या. तुमी माजं डोकं मांडीवर घेतलं हुतं. मंगळवेढ्याच्या फाट्यावर मी म्हटलं, आत्या, बाळ हलत न्हाय. तुमी म्हणाला, हलतंय, झोपलंय ते. तुमी दर गावाला म्हणत हुता, आता आलं सोलापूर.” तिनं पाकळ्या मुठीत घट्ट धरल्या. “तुमी काय कमी केलं न्हाय माजं. आईनं केलं नसतं तेवढं केलं. पर रस्ता तुमच्या हातात न्हवता, आत्या. माया कितीबी असली तर रस्ता कमी हुत न्हाय.”

गुंडानं फेटा डोळ्यांना लावला.

“मामा म्हणाले, त्या शिष्टरला सुभद्राचं नाव पाठ हाय. माज्या लेकराचं नाव तर कुणी ठिवलंच न्हाय. कुणी इचारायला आलं न्हाय, का झालं म्हणून. मी बी इचारलं न्हाय. मला वाटायचं, असंच असतंय.” ती सृष्टीकडं न बघता म्हणाली, “वन्संला जाऊ द्या.”

तीन वर्षांत सुनेला गोजाबाईनं एकच वाक्य ऐकवलं होतं: पुढचं बघ. आपण धीर देतोय असं तिला वाटत होतं. ही पोर त्या जीपमध्ये किलोमीटरचे दगड मोजत होती, आणि आपण शेजारी बसूनही आपल्याला ते माहीत नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं. ती उठली, सुनेजवळ जाऊन बसली आणि तिची मूठ उघडून पाकळ्या स्वतःच्या ओच्यात घेतल्या. कुंकवाचा करंडा जवळच होता. तिनं मायक्काच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि मग दोघीही मोकळ्या रडल्या.

तेवढ्यात माउलीचा फोन वाजला.

“सिस्टर हाय,” तो गोंधळून म्हणाला. “बीना सिस्टर. शुक्रवारी गोळ्यांचा फोन असतो तिचा.”

“घे की मग,” तात्याबा म्हणाला. त्याला ती सरकारी सिस्टर बघायचीच होती.

व्हिडिओ सुरू झाला. पांढऱ्या कोटातली चाळिशीची बाई, कपाळावर घाम, मागं कुणाचं तरी तान्हं ओरडत होतं. देवी-बिवी काही दिसत नव्हती ती. दमलेली, घाईतली बाई होती. हजार किलोमीटरवरून ती विचारत होती आणि माउली मराठीत सांगत होता: गाडीत पाय सुजले का? बाळ हलतंय का? गोळ्या जेवणानंतर घेतल्या का? सृष्टी नाक पुसत मान डोलवत होती. निंगव्वा फोनवर एवढी वाकली की तिच्या कपाळाशिवाय पलीकडं काही दिसलं नसेल.

“ती म्हणतीय, वहीत लिहायचंय,” माउली म्हणाला आणि अडखळला. “बाळंतपण कुठं लिहू? तिकडं करणार असाल तर तिथल्या सिस्टरचा नंबर द्या, मी स्वतः बोलून हिला तिच्या हाती सोपवते. त्याशिवाय यादीतनं नाव काढता येत न्हाय. आमच्याकडं करणार असाल तर तसं सांगा.”

कुणी कुणाकडं बघितलं नाही. सगळे गोजाबाईकडं बघत होते.

तिनं नाक ओढलं. पदर सारखा केला.

“तुज्याकडचंच लिव म्हणावं,” ती म्हणाली.

“आये...”

“गप. आन हे बी सांग, मी येणार हाय. हिचं माहेर भिंतीत न्हाय, माज्यात हाय. शेक मी देणार, अंघोळ मी घालणार. तिच्या दवाखान्याचं काय असंल ते तिनं बघावं, माजं मी बघती.” ती मायक्काकडं वळली. “मेंढरं...”

“मी हाय की, आत्या.”

“आन त्या खोलीत झोपायचं. बाजेवर. मी यीस्तवर दाराला कुलूप दिसता कामा नये.”

मायक्कानं फक्त मान हलवली.

“तिकिटं दोनच हायती, मामी,” माउली भीत भीत म्हणाला. रविवारचं गुपित असं बाहेर पडलं.

गोजाबाईनं जावयाकडं एकदा बघितलं. “लई पोचलेलं हाय हे पाव्हणं.”

“तिसऱ्याचं मी बघतो,” तात्याबा चटकन म्हणाला. “स्टेशनात वळख हाय माजी.” बऱ्याच वेळानं त्याला करण्याजोगं काही सापडलं होतं.

माउलीनं सगळं त्या बाईला सांगितलं. ती हसली, काहीतरी बोलली, मग पुन्हा गंभीर होऊन तिनं दोन-तीन प्रश्न विचारले. माउलीनं फोन सासूच्या पुढ्यात धरला.

“मामी, ती आता तुमचं विचारतीय. लांबचा प्रवास हाय म्हणून. वय किती? बीपी, साखर, रक्त, कधी तपासलंय का? शेवटचं कधी?”

“माजं?” गोजाबाई म्हणाली.

“व्हय, तुमचं.”

ती आठवू लागली. कळपातल्या प्रत्येक मेंढीला लस कधी टोचली ते तिला तोंडपाठ होतं. भारतच्या वेळी पूल होता. सृष्टीच्या वेळी पाल होतं. मधली दोन जगली नाहीत. कंबर गेली दहा वर्षं दुखत होती, पण ती सगळ्यांचीच दुखते. पलीकडं ती बाई पेन हातात घेऊन थांबली होती. घाईत होती, तरी थांबली होती. गोजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. कुणालाच उत्तर ठाऊक नव्हतं.

“तिला म्हणावं,” ती हळू म्हणाली, “आजपातूर कुणी इचारलंच न्हवतं.”